दोन सेकंदांत न परतणारा कार्बन

"सर, कार्बोनिल दिसतच नाहीये. स्ट्रक्चरच चुकलंय बहुतेक."

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. पीएचडीची ही मुलगी एनएमआरच्या, म्हणजे चुंबकात ठेवून रेणूतले अणू ओळखणाऱ्या मशीनच्या खोलीत उभी होती. वनस्पतीच्या मुळांपासून तिने कॉलमवर कॉलम टाकून वेगळा केलेला पदार्थ होता जेमतेम ३ मिलिग्रॅम. तेवढाच, पुन्हा मिळायचा तर पुढच्या पावसाळ्यानंतर. आयआरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड तपासणीत, १६८० ला ठसठशीत पीक होतं, म्हणजे किटोन असणार, आणि त्यातला ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन म्हणजेच कार्बोनिल. आमच्या ५०० मेगाहर्ट्झच्या मशीनवरच्या कार्बन स्पेक्ट्रममध्ये मात्र २०० पीपीएमच्या आसपास, जिथे तो दिसायला हवा, तिथे नुसतं गवत, म्हणजे नॉइज.

"रात्रभर लावा ना सर. स्कॅन वाढवले की येईल."

तिचं म्हणणं रास्त होतं. निसर्गातल्या कार्बनपैकी जेमतेम १.१ टक्का कार्बन-१३ असतो, तोच आपल्याला दिसतो. एका स्कॅनमध्ये त्याचा आवाज नॉइजमध्ये बुडून जातो. म्हणून रेडिओलहरींची पल्स द्यायची, सिग्नल नोंदवायचा, पुन्हा पल्स, आणि सगळं एकावर एक रचत जायचं. सिग्नल प्रत्येक वेळी त्याच जागी येतो, म्हणून सरळ वाढतो. नॉइज कधी वर, कधी खाली; तो वर्गमुळानेच वाढतो. चौपट स्कॅन केले की स्पष्टता दुप्पट. तंबोऱ्याच्या चारही तारा एकदम छेडाव्यात आणि कानाने सूर वेगळे करावेत, तसं फूरिए ट्रान्सफॉर्म हे गणित त्या एकत्र सिग्नलमधून प्रत्येक कार्बन वेगळा काढून देतो. रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हे करून दाखवलं, तेव्हा त्यांचा पेपर एका नामांकित जर्नलने दोनदा परत पाठवला होता. १९९१ साली अर्न्स्टना नोबेल मिळालं.

पण रात्रीचं बटण दाबायच्या आधी मी स्पेक्ट्रम पुन्हा नीट पाहिला. हायड्रोजन जोडलेल्या कार्बनची, म्हणजे सीएचची, पीकं उंच होती. ज्या कार्बनवर हायड्रोजन नाही, त्यांची सगळी पीकं खुरटी, जेमतेम डोकं वर काढलेली. किटोनचा कार्बनही त्यातलाच. मी पॅरामीटर उघडले: पल्स ९० अंशांची, म्हणजे कार्बनला पूर्ण आडवं पाडणारी, आणि दोन स्कॅनमध्ये फक्त २ सेकंद. चूक माझी होती. घाईत सकाळच्या नमुन्याचीच फाइल मी उचलली होती.

हायड्रोजन नसलेला कार्बन पल्सनंतर फार सावकाश मूळ जागी परततो. त्याचा परतण्याचा कालांक (टी-१) साधारण २० सेकंद धरला, तर २ सेकंदांच्या वेगाने त्याचा जेमतेम १० टक्के सिग्नल हाती येतो. मी पल्स ३० अंशांवर आणली, म्हणजे कार्बन थोडाच ढळेल, आणि दोन स्कॅनमध्ये ५ सेकंद ठेवले. याच हिशेबाने आता ३४ टक्के. आधीच्या सेटिंगवर २०४८ स्कॅन झाले होते. तेच रात्रभर चालू ठेवलं असतं, तर स्कॅन दहापट होऊन स्पष्टता जेमतेम तिप्पट झाली असती. नव्या सेटिंगवर तेवढ्याच वेळात ८१९२, म्हणजे चौपटच स्कॅन बसत होते, पण प्रत्येकात सिग्नल जवळपास साडेतीनपट, म्हणून स्पष्टता जवळपास सातपट. मी तिला कागदावर आकडे मांडून दाखवले. तिने स्वतः पुन्हा गुणाकार केला, ते मला फार आवडलं.

१०२४ स्कॅनचा एक, असे आठ ब्लॉक वेगवेगळे सेव्ह होतील असं लावलं. मध्ये वीज गेली तर निदान झालेलं तरी हाती राहील.

सकाळी मी पोचलो तर ती दाराशी उभीच होती. आठही ब्लॉकची बेरीज केली, ट्रान्सफॉर्म केलं, रेघा सरळ उभ्या याव्यात म्हणून फेज जुळवली. १९७.९ ला एक बारीक, ताठ रेघ.

"नॉइज तर नाही ना, सर?"

तोच प्रश्न माझ्याही मनात होता. पहिले चार ब्लॉक वेगळे जोडले, शेवटचे चार वेगळे. दोन्ही स्पेक्ट्रम एकाखाली एक ठेवले. आजूबाजूचं गवत दोन्हीकडे वेगळं होतं. ती रेघ मात्र दोन्हीकडे १९७.९ लाच.

तिने वहीत आधी पेन्सिलने आकडा लिहिला होता. तो तिने पेनने गिरवला.