संत्र्याच्या मुळात ही बुरशी असायलाच पाहिजे

बुरशी म्हटलं की आमच्याकडे पहिला हात बुरशीनाशकाकडे जातो, आणि डिंक्याने (खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाने) ज्यांच्या बागा गेल्या त्यांना मी काय सांगणार, पण संत्रा, मोसंबी, लिंबू ही झाडं अशी आहेत की मुळात मायकोरायझा, म्हणजे मुळाच्या आत राहून झाडाला मदत करणारी बुरशी, नसेल तर ती धड वाढतच नाहीत. कृषी केंद्रात व्हॅम म्हणून मिळतं ना, तेच.

याचा सगळ्यात ठळक पुरावा अमेरिकेतल्या नर्सऱ्यांमधून आला. तिकडे रोगाच्या भीतीने वाफ्यातली माती मिथाइल ब्रोमाइडसारख्या विषारी वायूने पार निर्जंतुक करायचे आणि मग त्या स्वच्छ मातीत लावलेली लिंबूवर्गीय रोपं खुरटून जायची, पानं पिवळी, वाढ ठप्प. औषधाचाच अंश मातीत राहिला असेल असं कुणालाही वाटेल. पण १९७२ साली क्लाइनश्मिट आणि गर्डेमन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की रोगाबरोबर ही कामाची बुरशीपण मेलीये म्हणून रोपाला फॉस्फरस उचलताच येत नाहीये. बुरशी परत घातली आणि रोपं वाढायला लागली.

आता असं का होतं, तर लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केसमुळं फार कमी आणि आखूड असतात. आणि फॉस्फरस हा नत्रासारखा पाण्याबरोबर वाहत येत नाही, तो जागेवर बसून राहतो, मुळाच्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की संपलं, पुढचा फॉस्फरस समोर दिसत असून हाताला लागत नाही अशी गत. त्यात आपली माती चुनखडीची असेल तर तो चुन्याशी बांधला जातो. या बुरशीचे धागे मुळातून निघून मातीत काही सेंटिमीटर लांब जातात, जाडी मोजून काही मायक्रॉन, त्यामुळे जिथे मूळ शिरूच शकत नाही अशा बारीक फटीतही घुसतात आणि तिथला फॉस्फरस मुळापर्यंत आणून देतात. झिंकपण आणतात, आणि संत्र्याच्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा ही झिंकच्या कमतरतेची तक्रार आपल्याकडे किती बागांत आहे ते वेगळं सांगायला नको.

माझी मावसबहीण कॉलेजात बॉटनी शिकवते, तिच्या लॅबमध्ये मी जंबेरीची (ज्या लिंबाच्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात त्याची) मुळं मायक्रोस्कोपखाली बघितली. आधी मूळ कॉस्टिक पोटॅशमध्ये (खतातलं पोटॅश नव्हे) गरम करून पारदर्शक करतात, मग निळा रंग देतात. साध्या डोळ्याला ते मूळ म्हणजे पांढरा दोराच, पण भिंगाखाली आतमध्ये लांबच लांब निळे धागे पेशींच्या मधून गेलेले, मध्येच गोल फुगीर पिशव्या, आणि काही पेशींच्या आत तर धाग्याला इतके बारीक फाटे फुटलेले की अख्खी पेशी भरून गेलेली. देवाणघेवाण होते ती याच फाट्यांवर. बुरशी फॉस्फरस देते, झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. हे फाटे काही दिवसच टिकतात, जिरून जातात, मग शेजारच्या पेशीत नवे तयार होतात. झाड पानात जेवढं अन्न बनवतं त्यातला पाचवा हिस्सासुद्धा कधी कधी या बुरशीला जातो, म्हणजे झाडाला ती किती मोलाची असेल बघा! (पालापाचोळ्यावर जी पांढरी जाळी दिसते ती वेगळी बुरशी, ती कुजवणारी. ही मुळाच्या आत असते, बाहेरून दिसत नाही.)

झाडं जमिनीखालून अशा बुरशीच्या धाग्यांमधून एकमेकांशी बोलतात असे व्हिडिओ खूप फिरतात. २०२३ मध्ये या विषयातल्याच तीन शास्त्रज्ञांनी सगळे अभ्यास तपासून सांगितलं की जंगलात त्याचे पुरावे फार तोकडे आहेत. मला तर त्या गोष्टींची गरजच वाटत नाही, फॉस्फरसचं हे एवढं काम पुरेसं थोर आहे.

परवा शेजारच्या बागवाल्याने विचारलं, "भाऊ, बुरशी मारायची का वाढवायची, एकदाचं सांगा." दोन्ही. डिंक्या करणारी फायटोफ्थोरा वेगळी, तिच्यावर मेटालॅक्सिल हे बुरशीनाशक चालतं आणि मायकोरायझाला त्याचा फारसा धक्का बसत नाही. कार्बेन्डाझिम या दुसऱ्या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) मात्र मायकोरायझाला मारक आहे आणि डिंक्यावर तिचा उपयोगही नाही, तरी सवयीने बरेच जण ओततात. दुसरं म्हणजे डीएपी या फॉस्फरसवाल्या खताचा मारा. मातीत फॉस्फरस मुबलक झाला की झाड स्वतःच बुरशीला आत घेणं कमी करतं, त्यामुळे एका हाताने व्हॅम आणि दुसऱ्या हाताने डीएपी हा पैशाचा चुराडा आहे.

व्हॅमची पुडी प्रत्येक बागेला लागते असंही नाही. जुन्या, कमी नांगरलेल्या बागेत ही बुरशी बहुतेक आधीपासून असतेच. खरी गरज नर्सरीत, जिथे पिशवीतलं मिश्रण फॉर्मालिनने निर्जंतुक केलंय, किंवा कोकोपीटमध्ये वाढवलेल्या रोपांना, आणि गच्चीवरच्या कुंडीतल्या मोगरा, जास्वंद, डाळिंबाला. टाकताना वरून भुरभुरून उपयोग नाही, पिशवी भरताना बी किंवा मुळाच्या अगदी लगत पडलं पाहिजे. जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढत नाही, तिला तयार करतात तेसुद्धा मका, ज्वारीच्या मुळांवर, त्यामुळे पुडीची तारीख बघूनच घ्या. आणि दोन ओळींमधली जमीन वर्षभर उघडी, नांगरलेली ठेवू नका, धागे तुटतात. मूग, हरभरा, बोरू (ताग) काहीही असू द्या, त्यांच्या मुळांवर ती जगते. फक्त मोहरी आणि कोबी-फुलकोबीच्या भरवशावर राहू नका, या कुळातली पिकं मायकोरायझाला मुळात घेतच नाहीत.