सीनेची रेघ

आज मोहोळ तालुक्यात मावशीकडं जाऊन आलो. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी घरात शिरलं होतं, त्याची रेघ भिंतीवर अजून आहे. माझ्या छातीएवढी. मावशीनं दोनदा चुना मारला, तरी ती उमटतेच.

आपण दुष्काळाची माणसं. टँकर, चारा छावण्या, हंड्यांच्या रांगा तोंडपाठ. पुराची सवय कुणाला? त्यात सीनेचं असं, की पाऊस पडतो वर नगर-धाराशिवकडं आणि लोंढा येतो आपल्याकडं.

दाराजवळ खुंटीला पिशवी दिसली. आत लोणच्याची रिकामी बरणी, घट्ट फिरकीच्या झाकणाची. त्यात रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, काकांच्या बीपीच्या गोळ्या. शिवाय बॅटरी आणि कडक भाकरी, शेंगाचटणी. (महिनाभर टिकणारी भाकरी! आपल्या सोलापूरला वेगळं आपत्कालीन अन्न कशाला पाहिजे?)

"मागल्या टायमाला ह्यांनी टीव्ही उचलत बसले," मावशी म्हणाली. "आता पैलं म्हशीचं दावं सोडायचं, मग ही पिशवी, मग टीव्ही गेला तर गेला." काका गप्प चहा पीत होते.

"तुझी कागदं कुठं हायत?"

"मी तिसऱ्या मजल्यावर, मावशी. तिथं कुठला पूर?"

"आन् किल्लारीसारखं हाललं तर?"

1993 च्या त्या पहाटे सोलापुरातही लोक रस्त्यावर आले होते. काय बोलणार?

आल्यापासून कपाट उपसतोय. लाइटबिलं सापडली, आधारकार्ड अजून नाही.