ऑर्डर झाली म्हणजे काय झालं?

"हो गं, झाली ऑर्डर," आई बाहेरच्या खोलीत मावशीला फोनवर सांगत होती.

मी आत दार लोटून बसले होते आणि माझ्यापुढच्या पडद्यावर सोमवारपासून नेमका हाच प्रश्न ठाण मांडून होता. ऑर्डर झाली म्हणजे काय झालं? आईने बटण दाबलं, एवढंच झालं? पैसे गेले? दुकानदाराने खोकं बांधलं? की मिक्सरचं भांडं विश्रामबागेत आमच्या दारात येऊन पोचलं? तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "झाली म्हणजे झाली की!" सांगलीत या 'की'पुढे कुणाचं चालत नाही.

ऑनलाइन दुकानं चालवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मी डॉक्युमेंटेशन लिहिते. शेजारच्या काकूंना आई सांगते, "कॉम्प्युटरची माहितीपुस्तकं लिहिते," आणि ते फारसं चुकीचं नाही. फरक इतकाच, की मिक्सरचं माहितीपुस्तक कुणी वाचत नाही आणि माझं वाचणारा माणूस रात्री अकराला, काहीतरी बिघडलंय म्हणून, दातओठ खात वाचत असतो. आमच्या सॉफ्टवेअरला आपला प्रोग्राम जोडणाऱ्या डेव्हलपरला ऑर्डर कशाची बनलेली असते ते कळावं लागतं. तिच्यात रकाने कोणते, कुठल्या रकान्यात काय, कुठला रिकामा चालतो, कुठला नाही. याला डेटा मॉडेल म्हणतात. रकान्याला सगळे फील्ड म्हणतात, पण माझ्या तोंडात रकानाच बसलाय.

यंदा आमच्याकडे हे मॉडेल बदललं. कोड लिहिणाऱ्यांनी कोड बदलला, केक कापला आणि पुढच्या कामाला लागले. माहिती मात्र जुनीच राहिली. साठेक रकाने होते, म्हटलं दोन दिवसांत उरकेल. 'स्टेटस' या एका रकान्यापाशीच आठवडा गेला.

माझे मामा मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या गादीच्या कडेला जाऊन बसायचे. राजापुरी हळदीची पोती फुटली की पिवळी धूळ सगळीकडे बसायची. वहीच्या कडांवर, फोनच्या तबकडीवर, मामांच्या टोपीवरसुद्धा. तिथे 'झालं' हा शब्द दिवसभर कानावर पडायचा, पण एकटा कधीच नाही. सौदा झाला. काटा झाला. पट्टी झाली. पैसे झाले. सौदा झाला म्हणजे भाव ठरला, पोती अजून जागच्या जागी. काटा झाला म्हणजे वजन झालं, हिशेब बाकी. पट्टी झाली म्हणजे हिशेब कागदावर आला. आणि पैसे झाले म्हणजे शेतकरी उठून चहाला गेला. एखादा घाईतला माणूस येऊन "माझं झालं का ओ?" असं म्हणाला की मामा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "काय झालं का?" मला तेव्हा तो खवचटपणा वाटायचा. आता महिन्याला पगार घेऊन मी हेच विचारते.

आमच्या जुन्या मॉडेलमध्ये या सगळ्यांना मिळून एकच रकाना होता. पैसे आलेत पण माल गेला नाही, माल गेलाय पण पैसे दारात घ्यायचे आहेत, तीनपैकी दोन वस्तू गेल्या आणि तिसरी संपलीय, हे सगळं एका शब्दात कोंबायचं. हा वेडेपणा काही आमच्या एकट्याचा नाही. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानं चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरची 'प्रोसेसिंग' नावाची एक अवस्था आहे. नव्या दुकानदाराला ती दिसली की वाटतं, पेमेंट कुठेतरी अडकलंय, थांबू या जरा. खरा अर्थ असा, की पैसे मिळाले, साठ्यातून माल वजा झाला, आता पाठवायचं तुम्ही बघा. आणि गंमत म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीही याच अवस्थेत येऊन बसतात, पैशांचा पत्ता नसताना. शॉपिफाय या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरने पैशांची अवस्था आणि माल पाठवण्याची अवस्था यांचे दोन वेगळे रकाने ठेवलेत. आम्हीही आता तसंच केलंय. मामांच्या दुकानात हे आधीपासून होतं, असं मी मीटिंगमध्ये म्हणाले नाही. म्हणावंसं वाटलं होतं.

वूकॉमर्सचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. ते ज्या वर्डप्रेसवर उभं आहे ते मुळात ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर. त्यामुळे कितीतरी वर्षं ऑर्डर ही तिथे एक 'पोस्ट' होती. कुणाची पुरणपोळीची पाककृती आणि कुणाची चार हजारांची ऑर्डर एकाच टेबलात, म्हणजे माहिती साठवायच्या एकाच कोष्टकात, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन, रक्कम वगैरे शेजारच्या टेबलात चिठ्ठ्या चिकटवल्यासारखे. कीर्द-खतावणी लग्नपत्रिकांच्या फायलीत लावावी, तसला प्रकार. ऑक्टोबर 2023 मध्ये, 8.2 आवृत्तीपासून, नव्या दुकानांत ऑर्डरींना आपोआप स्वतःची टेबलं मिळायला लागली, पत्त्यांसाठी तर वेगळं टेबल. ज्यांनी पूर्वी जुन्या टेबलांत थेट हात घालून प्रोग्राम लिहिले होते त्यांना ते पुन्हा लिहावे लागले. जे डॉक्युमेंटेशनमध्ये दाखवलेल्या वाटेनं आले होते त्यांचं बरंचसं निभावलं. ही गोष्ट मी आमच्या नव्या मुलांना दर वेळी सांगते, कारण तिच्यात माझ्या धंद्याची बाजू वर दिसते.

मामांची एक पट्टी माझ्याकडे आहे. दुकान सोडताना त्यांनी जुनी रद्दी निवडली, तेव्हा मी मागून घेतली. पातळ कागद, कार्बनची निळी अक्षरं. वर शेतकऱ्याचं नाव आणि गाव, खाली पोत्यांची संख्या, वजन, क्विंटलचा भाव, त्यांचा गुणाकार. मग त्यातून हमाली, तोलाई वजा. सगळ्यात खाली, दोन रेघांच्या मध्ये, निव्वळ. दुसऱ्या दिवशी हळद चढो नाहीतर पडो, या कागदावरचा भाव हलणार नाही. मी हा कागद समोर ठेवला आणि आमच्या जुन्या पानावरचं वाक्य वाचलं. 'किंमत: वस्तूची किंमत.' संपलं. तीन शब्द, आणि त्या तीन शब्दांनी एका दुकानाला चांगलाच फटका दिला होता. त्यांच्या डेव्हलपरने सरळ अर्थ घेतला आणि परतावा देताना वस्तूची किंमत वस्तूंच्या यादीतून उचलली. म्हणजे आजची. दिवाळीत सवलतीत घेतलेली साडी लोकांनी परत केली आणि पूर्ण भाव घरी नेला. चूक त्याची म्हणावी तर आम्ही लिहिलं काय होतं? आता तिथे लिहिलंय: ऑर्डर दिली त्या क्षणी गिऱ्हाइकाला लावलेली, एका नगाची किंमत, सवलत वजा करून, कर न धरता, पैशांत. नंतर वस्तूचा भाव बदलला तरी ही बदलत नाही.

'पैशांत' म्हणजे खरोखरच पैशांत. 24550 असेल तर दोनशे पंचेचाळीस रुपये पन्नास पैसे. दशांश अपूर्णांक कॉम्प्युटर द्विमान पद्धतीत साठवायला गेला की 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 येत नाही, शेपटीला भलताच आकडा लोंबतो, म्हणून पूर्णांकात ठेवायचं. पन्नास पैसे बाजारातून गेले, आमच्या टेबलातून नाही.

पत्त्याचंही पट्टीसारखंच. गिऱ्हाइकाने घर बदललं म्हणून मागच्या वर्षीच्या ऑर्डरीवरचा पत्ता बदलून कसा चालेल? माल जिथे गेला तिथे गेला. आणि परतावा म्हणजे ऑर्डर पुसणं नव्हे. मामा खाडाखोड करत नसत, चुकलं तर उलट नोंद करत. आम्हीही ऑर्डरीला हात लावत नाही, तिच्याशी बांधलेली परताव्याची वेगळी नोंद करतो. कर मात्र पूर्वी एकच आकडा होता, तो आता फोडून दाखवावा लागतो. सांगलीच्या व्यापाऱ्याने कोल्हापूरला माल पाठवला तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, त्याच गाडीने बेळगावला पाठवला तर परराज्याचा म्हणून आयजीएसटी. हे समजावायला मला परिच्छेद लागला. इथल्या कुठल्याही व्यापाऱ्याच्या मुनिमाला एक भुवई पुरते.

वेळेच्या रकान्यावर मी एकदा स्वतः तोंडघशी पडलेय. आम्ही वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवतो, आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. पूर्वी मी नुसतं 'ऑर्डरची तारीख' असं लिहून मोकळी झाले होते. मग एका गिऱ्हाइकाचा हिशेबनीस खवळला. 1 एप्रिलला पहाटे दोनला आलेली ऑर्डर आमच्याकडे 31 मार्च, रात्री साडेआठ अशी नोंदलेली. तारीख बदलली असती तर चाललं असतं, इथे आर्थिक वर्षच बदललं! त्याचं बोलणं मी इथे लिहीत नाही. त्या रकान्याची माहिती आता पूर्ण पानावरची सर्वात लांब आहे.

काही नावं तर चुकीची असूनही ठेवावी लागतात. वेबवर तुम्ही कुठल्या पानावरून आलात ते सांगणारा 'रेफरर' नावाचा एक मथळा ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर पाठवू शकतो. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक आर सुरुवातीलाच गळला, 1996 च्या वेबच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजात तसाच छापला गेला, आणि आज जगभरचे ब्राउझर तो चुकीचाच लिहितात. आता दुरुस्त केला तर सगळंच मोडेल. आमच्याकडेही असे तीन रकाने आहेत. त्यांच्यापुढे मी 'जुना, नव्या कामात वापरू नये' असं लिहिते. लोक वापरतात. बंद पडून वर्षं झालेल्या टॉकीजच्या नावानं सांगलीत अजून रिक्षा ठरते, तर डेव्हलपरला काय बोलायचं.

पानावरची उदाहरणं बदलताना तेवढी मजा आली. जुन्या नमुन्यात कुठल्यातरी परदेशी रस्त्यावरचा कुणीतरी जॉन निळा टी-शर्ट मागवत होता. मी त्याला रजा दिली. नव्या नमुन्यात सांगली 416416 ला अर्धा किलो हळद आणि भडंगाची दोन पाकिटं जातात. पिनकोडच्या रकान्यात आकडे असले तरी तो मजकूर म्हणून साठवायचा, हेही तिथे लिहिलं, कारण बाहेर शून्याने सुरू होणारे पिनकोड असतात आणि आकडा म्हणून ठेवले की शून्य गळतं. तपासणाऱ्या बंगळुरूच्या सहकाऱ्याने सगळ्या पानावर एकच शेरा मारला: भडंग म्हणजे काय? मी चुरमुरे, शेंगदाणे, लसूण अशी तपशीलवार व्याख्या लिहून पाठवली. त्याचं उत्तर आलं, इतकी स्पष्ट व्याख्या या पानावर दुसऱ्या कशाचीच नाही.

खोचकपणा होता, पण मला लागला. स्पष्ट म्हणजे कसं, ते आम्हा सांगलीकरांना शिकवायला नको. पावसाळ्यात इथे कुणी "पाणी आलं" असं मोघम बोलत नाही. 1929 सालचा आयर्विन पूल आहे, तिथली पातळी सांगतात, फुटांत. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. आकडा ऐकला की कुणी सामान माळ्यावर चढवायचं आणि कुणी निजायचं हे गल्लीगल्लीला ठाऊक असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो 57 च्या वर गेला, तेव्हा दर तासाला आकडा मोबाईलवर यायचा आणि त्याचा अर्थ कुणी कुणाला विचारत नव्हतं. मोजायचं कुठे, कशात, आणि आकडा इतका झाला तर करायचं काय. मी माझं स्टेटसचं कोष्टक पुसलं आणि त्याच तीन रकान्यांत पुन्हा मांडलं. ही अवस्था कोण लावतं, कशावरून लावतं, ती दिसली तर तुमच्या प्रोग्रामने काय करायचं. गुरुवारी संध्याकाळी मामांना फोन करून मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आणि माल घेणाऱ्यानं सही कुठं करायची?"

शुक्रवारी दुपारी पान चढवायला घेतलं आणि आईचा फोन वाजला. पार्सल पोचल्याचा मेसेज. आई दार उघडून आली, जिना बघून आली. काही नाही. डिलिव्हरीवाल्या पोराला फोन लावला.

"काकू, ठेवलंय की खाली इस्त्रीवाल्याकडं. तुमी दार उघडंना."

"बेल वाजवायचीस की रे!"

"लाइट नव्हती, काकू."

ते खरं होतं. मी खाली गेले. इस्त्रीवाला जेवायला गेलेला, दुकानाला जाळीचं दार, त्याला कुलूप. आत इस्त्री केलेल्या शर्टांच्या गठ्ठ्यावर आमचं खोकं दिसत होतं, आईचं नाव वर केलेलं. जाळीतून बोट घातलं असतं तर लागलं असतं.

वर येऊन मी 'पोचली' या अवस्थेपुढे एक ओळ वाढवली: ही नोंद पार्सल नेणारा करतो, पार्सल गिऱ्हाइकाच्या हातात पडलं असा तिचा अर्थ घेऊ नये. मग पान चढवलं.

"झालं का गं तुझं?" आईने विचारलं.

"पान चढवलंय. अजून कुणी वाचलेलं नाही."

"मी खोक्याचं विचारतेय."