येऊ देत बाबांना!

दुपारच्या चहाबरोबर इंग्रजी पेपर चाळत होतो. खेळाच्या पानावर बातमी : कुठल्याशा फुटबॉल संघाच्या कोचने मध्यंतरात खेळाडूंना ‘रायट अ‍ॅक्ट’ वाचून दाखवला. म्हणजे सडकून झापलं. पण इंग्लंडात हा दंग्याविरुद्धचा कायदा एकेकाळी खरोखरच वाचून दाखवत. १७१५ च्या ऑगस्टपासून तो लागू झाला. बारा किंवा अधिक माणसं दंग्याच्या बेताने जमली, की मॅजिस्ट्रेटने पुढे होऊन राजाच्या नावाने ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा : पांगा, मुकाट घरी जा, नाहीतर आपापल्या कामाला लागा. तासाभरानंतरही जे हलले नाहीत, त्यांना तेव्हा फाशीची शिक्षा होती. शेवटी ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणायलाच हवं. १८३० च्या एका खटल्यात तेवढेच शब्द राहून गेले होते, तर सगळं वाचन फुकट गेलं.

आमच्या आईचं वाचनही असंच ठरलेलं. सुरुवात जुन्या प्रकरणांपासून. फुटलेली लोणच्याची बरणी, मावशीकडच्या बारशात घातलेला गोंधळ, सहामाहीचं गणित. आजचा गुन्हा सगळ्यात शेवटी, तोवर तो मलाच आठवेनासा झालेला. मी भिंतीला टेकून एका पायाने दुसरा पाय खाजवत उभा. जरा सरकलो की, ‘कुठे निघालास? मी बोलतेय ना?’ इंग्लंडचा राजा निदान ‘जा’ तरी म्हणायचा! समारोपाला ‘येऊ देत आज बाबांना!’ मग बाबा यायचे, चपला काढायचे, बातम्या लावायचे. त्यांना कोणी काही सांगायचंच नाही. अजूनही ओरडणाऱ्या माणसांचं मला फारसं काही वाटत नाही. शांतपणे यादी वाचणाऱ्यांसमोर मात्र पाय आपोआप जुळतात.

पण वाचलेलं ऐकू तर जायला हवं. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजार माणसं जमली होती, संसदेत आपलं कोणी असावं एवढं मागायला. कित्येक बायका पांढरे कपडे घालून, मुलांना घेऊन आल्या होत्या. मॅजिस्ट्रेट नंतर म्हणाले, आम्ही कायदा वाचला. गर्दीतल्या बहुतेकांच्या कानावर काही पडलं नव्हतं. तासभर कोणी थांबलंही नाही. घोडेस्वार तलवारी उपसून घुसले. पंधराएक माणसं मेली, शेकडो जखमी झाली. मेलेल्यांत दोन वर्षांचा एक मुलगा होता.

कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता.