यादीतून कापलेले नाव
"तिकडे खायला नव्हते, म्हणून आले." ब्रिटनमध्ये आश्रयाचे खटले चालवणाऱ्या वकिलाला अशिलाच्या तोंडी हे वाक्य नको असते. २००९ साली माझ्याकडे आलेल्या झिम्बाब्वेच्या बाईंनी सरकारी मुलाखतीत नेमके तेच सांगितले होते आणि नकारपत्राने तेच पकडले होते: दुष्काळ सगळ्यांनाच भोगावा लागतो, तर १९५१ च्या निर्वासित कराराला छळामागे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत असे कारण लागते. परत पाठवणे हेच मानवी हक्कांविरुद्ध ठरेल असे म्हणण्याची दुसरी वाटही अरुंद होती. मे २००८ मध्येच स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने युगांडाच्या एका एचआयव्हीग्रस्त महिलेला परत पाठवण्यास मोकळीक दिली होती. त्यातली कडक कसोटी त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये सैल केली. २००८ चा तो निकाल मला तेव्हाही निष्ठुर वाटला होता.

जबाब तयार करताना मी दुष्काळाऐवजी धान्यवाटपाबद्दल विचारले: ट्रक कुठे थांबायचा, नावे कोण पुकारायचे? गावाकडे रेशन दुकानाचे राजकारण पाहिलेले असल्यामुळे हा प्रश्न सुचला असावा. मास्विंगोकडच्या त्यांच्या गावात गावप्रमुख वहीतून नावे वाचायचा आणि सत्ताधारी पक्षाचे कार्ड दाखवल्यावरच मक्याचे पोते मिळायचे. मार्च २००८ च्या निवडणुकीत नवरा विरोधी पक्षाचा पोलिंग एजंट म्हणून बसला आणि त्यांच्या नावावर निळी रेघ ओढली गेली. जूनमध्ये सरकारने स्वयंसेवी संस्थांचे गावोगावचे काम थांबवल्यावर तिथून येणारे धान्यही बंद झाले.

सुनावणीत सरकारी प्रतिनिधीने विचारले, सगळा जिल्हाच उपाशी नव्हता का? बाई म्हणाल्या, "भूक सगळ्यांना होती. पोती यादीवर होती." हे आधी का सांगितले नाही, असे न्यायाधीशांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "का आलीस एवढेच विचारले. भुकेमुळेच आले."

सत्ताधारी पक्षाशी निष्ठा सिद्ध करू न शकणाऱ्यालाही धोका असतो, हा ब्रिटनच्या आश्रय न्यायाधिकरणाचा झिम्बाब्वेबद्दलचा नोव्हेंबर २००८ चा मार्गदर्शक निकाल हाताशी होताच. अपील मंजूर झाले. मात्र तितकीच उपाशी, पण यादीत नाव शाबूत असलेली त्यांची शेजारीण आली असती, तर या युक्तिवादातून तिला काहीच मिळाले नसते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही आजीकडे राहिलेल्या दोन मुलांना आणण्याच्या अर्जाला लागलो; त्यातल्या धाकट्याचा जन्मदाखला नव्हता.