पोच्याचा हिशेब

फाटकाचा खांब आपली जागा सोडत नाही, हे मला माहीत आहे. गेली 14 वर्षं रोज त्याच्या शेजारून मी हीच गाडी आत घालतो आणि बाहेर काढतो. परवा पाऊस नव्हता, फोन खिशात होता, मागून कुणी हॉर्नही देत नव्हतं. तरी डाव्या बाजूने 'खर्रर्र' झालं. घाबरून ब्रेक दाबला, मग रिव्हर्स टाकला. त्यामुळे तोच आवाज उलट्या दिशेने पुन्हा एकदा ऐकावा लागला.

उतरून बघितलं. बंपर कोपऱ्यात चिरलेला, फेंडरला तळहाताएवढा पोचा. पोच्याच्या मधोमध रंग उडून खालचा राखाडी प्रायमर दिसत होता, आणि त्याच्याही आत, नखाएवढ्या जागेत, उघडा पत्रा चकाकत होता. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून एक-दोन केसांच्या जाडीचे असतात म्हणे. इतकी वर्षं ऊन खाऊन ते फिके पडले, पण आतला पत्रा असा लखलखीत, जणू कालच कारखान्यातून आलाय. खांबाला मात्र गाडीचा रंग लागून तो जरा बरा दिसायला लागला होता.

गॅरेजवाल्याने वाकून एकदा बघितलं. "इन्शुरन्स आहे ना साहेब? मग टाकून द्या क्लेम." मग चालत मागे गेला आणि मागच्या दरवाजावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवत म्हणाला, "हापण त्यातच बसवू." तो ओरखडा तीन वर्षांपूर्वीचा. मी दोन सेकंद गप्प राहिलो, हे कबूल करतो. पण ओरखड्याच्या कडेने तांबूस गंज चढला होता आणि गंज तारीख सांगतो. नुकसान तपासायला येणारा विम्याचा सर्व्हेअर नेमकं तेच बघतो: ताजी जखम चकाकते, जुनी गंजते. तेव्हा मी "नको" म्हणालो, त्यात माझ्या सचोटीचा वाटा किती आणि गंजाचा किती, हे विचारू नये.

रात्री कागद घेऊन बसलो. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा 100 धरला. त्यातले 40 बंपरचे. बंपर प्लॅस्टिकचा, आणि प्लॅस्टिकवर घसारा निम्मा, म्हणजे 20 तिथेच गेले. रंगाच्या सामानावर आणखी 10 ची कात्री. उरले 70. मग ती अनिवार्य कपात, दर क्लेमला आधी आपल्या खिशातून जाणारी ठरावीक रक्कम, तिचे 20. राहिले 50. म्हणजे कंपनी निम्मे देणार, निम्मे मीच देणार, आणि वर फॉर्म, फोटो आणि सर्व्हेअरची वाट बघणं.

घसाऱ्याचा आधी राग आला. नवा बंपर घ्यायचा तर दुकानदार मला कुठे निम्म्या किमतीत देतो? पण कंपनीचं म्हणणंही चूक नाही: फुटला तो जुना, बसणार तो नवा, मधला फरक आम्ही का द्यावा? हा वाद जहाजांच्या काळापासूनचा आहे. सागरी विम्यात जुन्याच्या जागी नवं बसवलं की एक तृतीयांश कापायची जुनी रीत होती. समुद्रावरच्या सामायिक नुकसानीसाठीच्या यॉर्क-अँटवर्प नियमांनी पुढे ती 15 वर्षांहून जुन्या जहाजांपुरती ठेवली. माझी गाडी 14 ची. जहाज असती तर वाचली असती.

पण खरी मेख नो क्लेम बोनसमध्ये आहे. गेली कित्येक वर्षं क्लेम न केल्यामुळे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मला 50 टक्के सूट आहे. माझ्या पॉलिसीत ही शिडी 20, 25, 35, 45, 50 अशी चढते, आणि एक क्लेम केला की थेट शून्यावर. सापशिडीत 98 वर साप असतो तसा. (काही ठिकाणी दोन-तीन पायऱ्याच खाली आणतात. तिथले साप सौम्य.) क्लेम केला तर पहिल्या वर्षी 50 टक्के हुकणार, मग 30, 25, 15, शेवटी 5. बेरीज 125. म्हणजे एका पोच्यापायी पाच वर्षांत मिळून सव्वा वर्षाचा पूर्ण प्रीमियम.

या हिशेबाला शास्त्रात नाव आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. ज्याँ लमेर या बेल्जियन विमागणितज्ञाने 1977 मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला आणि त्याला शीर्षक दिलं 'बोनसची तहान'. शिडीच्या कुठल्या पायरीवर किती नुकसानापर्यंत गप्प बसणं फायद्याचं, हे काढायची रीत त्यात आहे. लोक लहानसहान पोचे स्वतःच्या खर्चाने बुजवतात आणि कंपनीला कळवतच नाहीत, ही सगळ्या जगाची सवय आहे तर. दुसऱ्या कुणाला लागलं असतं तर गोष्ट वेगळी. तिथे हिशेब मांडत बसायचं नसतं, आधी कळवायचं. आमचा खांब काही तक्रार करणार नव्हता.

तरी गणित सुटेना. कारण सव्वा प्रीमियम, पण कशाचा? पॉलिसीत गाडीची किंमत दर वर्षी उतरते, तिच्याबरोबर प्रीमियमही उतरतो. ती किंमत मी बऱ्याच वर्षांनी नीट वाचली आणि कागद पालथा घातला. एअरबॅगा उघडतील एवढा जरी ठोका बसला असता, तर दुरुस्तीपेक्षा मोडीत काढणं परवडलं असतं. एवढ्याशा किमतीच्या एवढ्याशा प्रीमियमच्या निम्म्या सुटीसाठी मी जीव टाकत होतो. त्या मानाने हातात येणारे 50 जास्तच होते. म्हणजे क्लेम करावा.

पण बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ही विकून नवी घेतली तर सूट माझ्याबरोबर नव्या गाडीवर जाते, आणि नव्या गाडीचा प्रीमियम काही एवढासा नसतो. तिथे निम्मी सूट म्हणजे मोठी रक्कम. मग या पोच्यासाठी ती घालवणं हा शुद्ध वेडेपणा. म्हणजे क्लेम करू नये.

दोन्ही उत्तरं बरोबर आली तेव्हा लक्षात आलं की, प्रश्न पोच्याचा नव्हताच. क्लेम करायचा म्हणजे गाडी ठेवायची. क्लेम सोडायचा म्हणजे मनात दुसरी भरली आहे.

"अरे, ठेवणार आहेस का विकणार आहेस, ते सांग ना," बायको म्हणाली. तिला कागद न बघता कळलं.

"बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही बघू, तिसऱ्या दिवशीही बघू. नुकसान लगेच कळवायचं असतं आणि सर्व्हेअरने बघेपर्यंत काही दुरुस्त करायचं नसतं, हे पॉलिसीत छापलेलं आहे. मी दुसरं तेवढं काटेकोरपणे पाळलं. रोज संध्याकाळी खांबापासून हातभर जास्तच अंतर ठेवून गाडी आत घ्यायची आणि पोच्याकडे न बघता वर यायचं.

आठव्या दिवशी सकाळी दवाने ओली झालेली गाडी पुसताना फडकं फेंडरवर आलं. ती नखाएवढी चकाकणारी जागा तांबूस झाली होती. बोटाने घासलं, गेली नाही.

बायको बाल्कनीतून बघत होती. "काय झालं?"

"गंज धरला," मी म्हणालो. "आता क्लेमचं राहू दे."

"अच्छा," ती म्हणाली, "म्हणजे नवी घ्यायची ठरली तर!"