'अ' की 'द'? वाक्य आधी मराठीत फिरवून बघा

'अ', 'ॲन' आणि 'द' या इंग्रजी आर्टिकलांचा शाळेतला नियम सगळ्यांना पाठ असतो: वस्तू पहिल्यांदा आली की 'अ', दुसऱ्यांदा आली की 'द'. खोटा नाही, पण अर्धवट आहे. 'आय टुक अ रिक्षा फ्रॉम स्वारगेट. द ड्रायव्हर हॅड नो चेंज.' यातला ड्रायव्हर पहिल्यांदाच येतोय, तरी त्याला 'द'. रिक्षा म्हटली की तिचा ड्रायव्हर एकच, त्यामुळे कोणता ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे प्रश्न एवढाच: नेमका कोणता, हे ऐकणाऱ्याला कळणार आहे का? तुम्हाला माहीत असून भागत नाही, आणि गोची होते ती इथेच. 'आय मेट द मॅन यस्टरडे' असं एकदम म्हटलंत, तर समोरचा विचारणारच, कोणता मॅन?

मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला जमत नाही, ही सबब मला पटत नाही. हा फरक आपण रोज करतो, शब्दांच्या क्रमाने. 'टेबलावर पुस्तक आहे' म्हणजे 'देअर इज अ बुक ऑन द टेबल'. 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणजे 'द बुक इज ऑन द टेबल'. माणसांच्या बाबतीत तर '-ला' चुगली करतो. 'ड्रायव्हर शोधतोय' म्हणजे कामावर ठेवायला कोणीतरी हवाय: 'अ ड्रायव्हर'. 'ड्रायव्हरला शोधतोय' म्हणजे ठरलेला माणूस गाडी लावून कुठेतरी चहाला गेलाय: 'द ड्रायव्हर'. निर्जीव वस्तूंना '-ला'ची युक्ती लागू पडत नाही, तिथे क्रमच बघा.

ऐकणाऱ्याला कळणार नसेल, तर पुढचा प्रश्न: इंग्रजीत ते मोजता येतं का? मोजता येणारं आणि एकच असेल तर 'अ' किंवा 'ॲन'. अनेक असतील किंवा मोजता येत नसेल तर काहीच नाही. हिंजवडीच्या ईमेलांत सर्वांत जास्त चुका इथे सापडतील. आपण 'एक सॉफ्टवेअर' सहज म्हणतो, म्हणून 'अ सॉफ्टवेअर' लिहिलं जातं. सॉफ्टवेअर, इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, फीडबॅक, फर्निचर, लगेज यांच्याआधी 'अ' लावायचा नाही. एकच सांगायचं तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' किंवा सॉफ्टवेअरऐवजी सरळ 'ॲन ॲप'. उलट व्यवसाय सांगताना आपण 'अ' खातो: 'आय ॲम इंजिनियर' चूक, 'आय ॲम ॲन इंजिनियर' बरोबर.

'अ' की 'ॲन' यासाठी इंग्रजी स्पेलिंगकडे बघूच नका. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. ॲन अवर, ॲन एमबीए, ॲन एफसी रोड कॅफे. पण अ युनिव्हर्सिटी, अ वन-वे. फसवतो तो एकच: आपण 'इयर' म्हणतो, पण मूळ उच्चार 'यिअर', म्हणून 'अ यिअर'. 'ॲन इयर' म्हणजे एक कान.

विशेषनामांना सहसा काहीच नको: सिंहगड, खडकवासला लेक, लक्ष्मी रोड. मात्र नद्यांना आणि डोंगररांगांना 'द' हवा: द मुठा, द सह्याद्रीज. एक्सप्रेसवेलाही: द मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. संस्थेच्या नावात 'ऑफ' आला की बहुधा 'द' येतो. आपल्या विद्यापीठाचंच बघा. 'युनिव्हर्सिटी ऑफ पुणे' होतं तोवर वाक्यात 'द' लागायचा. २०१४मध्ये ते 'सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी' झालं आणि 'द' गेला. डेक्कनची गंमत तर खास पुणेरी: 'आय ॲम ॲट डेक्कन' म्हणजे जिमखान्याच्या आसपास, 'ऑन द डेक्कन' म्हणजे अख्ख्या दख्खनच्या पठारावर कुठेही.